खाका

उस्ताद बुऱ्हाणमियाँ गेले तेव्हा माझ्या वाट्याला
एक पत्र्याची पेटी आली. दुकान मुलांनी विकलं.
औरंगाबादच्या छावणीतल्या त्या बोळात
आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

पेटीत कागद. पिवळे, तेलकट, टोचलेले.
ज्याला कारचोबाचं काम ठाऊक नाही त्याला सांगतो:
आधी कागदावर चित्र, मग रेघेरेघेवर सुईची टोचणी,
मग रॉकेलात कालवलेली खडूची भुकटी
चिंधीनं वरून फिरवायची.
खाली कापडावर ठिपके उमटतात.
त्या कागदाला म्हणायचं खाका.

शेरवानीचे बुट्टे, दर्ग्याच्या चादरीची वेल,
एका शाळेचा झेंडा, ब्रीदवाक्यात वेलांटी चुकलेली,
आणि तळाशी
पंख.

दोन पंखांचा खाका एकच, वैमानिकाचा. बाकी सगळे एकपंखी.
मी चौदाचा होतो. म्हटलं, उस्ताद, दुसरा काढायचा राहिला.
"राहिला नै. चालवतो त्याला दोन, सोबत जातो त्याला एक.
लष्कराचा हिशेब है. तू टाके मोज."

मोजले. मशीनगनवाल्याच्या पंखाला पिसं बारा.
आधी तेरा होती म्हणे,
विलायतेत कुणाला तरी तो आकडा खुपला, एक उपटलं.
घरी सांगितलं तर आई चुलीपुढून म्हणाली,
बरं केलं. तेरावं कोण छातीवर घेऊन हिंडतं?

सगळ्यात जुना खाका 'ओ'चा.
गोल अक्षर, त्याला एकाच कुशीतून फुटलेला पंख.
पहिल्या लढाईत मागं बसणारा नुसता बघायचा,
गारठलेल्या बोटांनी वहीत टिपायचा.
त्याला सोबतीचेच हसायचे: हे काय, उडतं भोक?
दुसऱ्या लढाईत हुकूम निघाला,
'ओ' काढा, 'एन' लावा.

जिंतूरकडचे चारठाणकर रजेवर आले की दुकानात बसायचे,
बशीत चहा ओतून, फुंकर न घालता.
उस्तादांनी 'एन'चा खाका पुढं केला.
त्यांनी छातीवर पंजा ठेवला, म्हणाले,
"मियाँ, ह्याच भोकातून मी रात्री वाट काढलीय.
ऱ्हाऊ द्या."

पन्नास साली मुकुटाचा हुकूम आला.
दोन पंखांवरचा राजा उसवायचा, सिंह बसवायचे.
ते काम माझ्याकडं. ब्लेड नाही, सुईनंच,
टाका टाका उलटा.
राजा अर्ध्या तासात निघाला,
भोकं मात्र निळ्या कापडात तशीच.
झाकायला सिंह जरा थोराड काढले.
चारठाणकर बघत होते.
"आमच्या डोक्यावर तो नव्हताच,
आमचं काय उतरवणार?"

ते वारले घरीच. कावीळ.

वर्षानं त्यांची बायको आली, अन्नपूर्णाबाई,
कोटावरचा पंख रुमालात बांधून.
ओट्यावर जुनी जर घेणारा टेकला होता.
त्यानं एक दोरा ओढला, काडी लावली.
जळक्या केसांचा वास. नुसतं रेशीम.
"इसमें कुछ नै, बाई."
"वाटलंच होतं," ती म्हणाली,
आणि बाजाराची पिशवी माझ्यापुढं उलटी केली.
"हिला लावून द्या. आतून.
बाहेरून लावलं की लोक विचारत बसतात."

मी लावला. पैसे घेतले नाहीत, तिनं दिलेही नाहीत.

आता माझी ऐंशी उलटली, सुईत दोरा नात ओवून देते.
दुपारी कधी तो खाका दाराच्या उन्हात धरतो.
शाई कधीच उडालीय. पंख दिसत नाही,
'ओ' दिसत नाही,
नुसती टोचलेली छिद्रं, उजेडाची.
चारठाणकर म्हणायचे,
वर रात्री एवढंच असतं.
बाकीच्या रेघा ज्याच्या त्यानं ओढायच्या.